झाकणवालं की फटीवालं

"तिघांचा फोटो म्हणाले, आणि बसलीत दोन माणसं आणि दोन ट्यूबलाइटा," फोटोवाला पुटपुटला.

पुटपुटला तो स्वतःशीच. पण त्या वेळी तो रफूवहिनींची हनुवटी दोन बोटांनी वर करत होता, त्यामुळे ते पुटपुटणं थेट त्यांच्या कानात उतरलं. उणे नऊ नंबरचा चष्मा असलेल्या माणसाचे कान फार तिखट असतात, हे फोटोवाल्याला कुणी शिकवलं नसावं. वहिनींनी काहीच ऐकलं नाही असा चेहरा केला आणि चष्मा नाकावर आणखी घट्ट बसवला. काचांमधले दोन दिवे आणखी लखलखले.

"काकू, चष्मा काढता का जरा?"

वहिनींनी चष्मा काढला. मग फोटोवाला "इकडे बघा" म्हणाला. आता उणे नऊवाल्या माणसाला चष्मा काढायला लावायचा आणि वर 'इकडे' म्हणायचं, म्हणजे थट्टाच. वहिनींना समोर एक काळसर डाग आणि कोपऱ्यात एक मोठा पांढरा डाग दिसत होता. पांढरा डाग जास्त महत्त्वाचा वाटला, म्हणून त्यांनी तिकडे बघून मनापासून हसून घेतलं.

फोटो घरी आला तेव्हा उलगडा झाला. नवरा आणि लेक शहाण्यासारखे कॅमेऱ्याकडे बघत होते, आणि वहिनी कोपऱ्यातल्या फोटोवाल्याच्या छत्रीकडे बघून अशा काही लाजल्या होत्या, की त्या छत्रीशी त्यांचं जुनं काहीतरी असावं. नुकत्याच रंगवलेल्या हॉलच्या भिंतीवर तो टांगलाही गेला, कारण खिळा आधीच ठोकून झाला होता. वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर, निवृत्त होऊनही ज्यांचा तास कधी संपला नाही असे, फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "छान आलाय. वहिनींना कोण भेटलंय?"

त्याच संध्याकाळी लेकीने जाहीर केलं, "आईचा चष्मा घालवायचा."

"घालवायचा कशाला, हरवेलच तो कधीतरी," वहिनी म्हणाल्या.

"ऑपरेशन करून, आई. हल्ली कुणी चष्मा लावत नाही. माझ्या ऑफिसात निम्म्या जणांनी केलंय. सकाळी जातात, संध्याकाळी घरी."

वहिनींचा नवरा वर्तमानपत्र वाचत होता. त्याने पान उलटलं. तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात होता आणि घरातही नळाला धार असावी तितकंच बोलायचा, म्हणजे जवळजवळ नाहीच.

वहिनींना रफूवहिनी म्हणतात ते उगीच नाही, हे इथेच सांगून टाकायला हवं. सिगारेटने पडलेलं भोक, खिळ्याने ओढलेली बाही, कसरीने कुरतडलेली शाल, काहीही आणा. खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती. खुर्चीत बसायचं, चष्मा काढून कपाटावर ठेवायचा आणि कापड नाकाला टेकेल इतकं जवळ घ्यायचं. त्या एवढ्याशा अंतरात उणे नऊच्या डोळ्यांना जे दिसतं ते चांगल्या डोळ्यांच्या माणसाला सात जन्मांत दिसत नाही. कापडाच्या दोन धाग्यांमधून रस्ता जावा तसं त्यांना दिसे. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतला एक-एक धागा ओढून काढायचा आणि भोकावर उभा-आडवा पुन्हा विणायचा. मग कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि मागे रेलून म्हणायचं, "शोधा आता."

हा त्यांचा नेम होता. गिऱ्हाईक कपडा उजेडाला धरी, उलटा करी, बोट फिरवी आणि शेवटी म्हणे, "नाही बुवा सापडत." ते ऐकल्याशिवाय वहिनी कपडा सोडत नसत. एका वकिलीणबाईंनी तर नाही सापडत म्हटल्यावर, मुळात भोक होतं का, असा वाद घातला होता. वहिनींना आयुष्यात मिळालेलं ते सगळ्यात मोठं बक्षीस.

घरात मात्र या सगळ्याला 'आईचं रफूबिफू' म्हणत. त्या 'बिफू'मध्ये बरंच काही येतं.

डोळ्यांच्या दवाखान्यात जाताना वहिनी, नवरा आणि लेक यांच्याबरोबर वन्संही निघाल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि ते डॉक्टरच्या हातून झालं असलं तरी वन्संच्या अनुभवावरच झालं, असं त्या बोलत. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसऱ्या होत्या. त्यांनी वहिनींना यंत्राच्या पट्टीवर हनुवटी टेकवायला लावून डोळ्यांत बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "काम काय करता तुम्ही?"

"घरीच असते," लेक, वन्सं आणि खुद्द वहिनी एका सुरात म्हणाल्या. हनुवटी पट्टीवर असताना माणूस सविस्तर बोलू शकत नाही. तरी वहिनींना 'घरीच असते' एवढं म्हणता आलं, तर आणखी दोन शब्दही म्हणता आले असते. ते का म्हणाल्या नाहीत, ते त्यांनाच माहीत. डॉक्टरपुढे रफूबिफू काय सांगायचं, असं वाटलं असेल.

डॉक्टरीणबाईंनी मग चार प्रकार समजावले. इतके नीट, की घरी पोचेपर्यंत चौघांच्या डोक्यात चार वेगळे प्रकार झाले होते. शेवटी त्यांना घरगुती नावं पडली. पहिलं झाकणवालं: डोळ्याच्या वरच्या थराचं पातळ झाकण उघडायचं, खाली लेसर मारायचा, झाकण मिटायचं. दुसरं खरवडवालं: झाकणबिकण नाही, वरचा पापुद्राच खरवडून काढायचा, तो आपोआप परत येतो, येईपर्यंत डोळे झोंबतात. तिसरं फटीवालं: बारीकशी फट पाडून आतली एक चकती ओढून काढायची. चौथं भिंगवालं, म्हणजे डोळ्याच्या आतच एक भिंग बसवायचं. "आणि चाळिशी उलटलीय, त्यामुळे लांबचा चष्मा गेला तरी जवळचा लागेलच," असंही डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. पण हे वाक्य त्या जिन्यापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा म्हणाल्या, आणि जिन्यात कुणी ऐकत नसतं.

लेक फटीवाल्याच्या बाजूची होती, कारण ते सगळ्यात नवीन होतं. तिचा फोनही सगळ्यात नवीन होता आणि तो दर दोन दिवसांनी बंद पडत असे, पण ते इथे काढण्यात अर्थ नव्हता. वन्सं भिंगवाल्याच्या. "माझ्या डोळ्यात आहे तसलंच. आपल्या घराण्याला भिंग मानवतं."

"मी तुमच्या घराण्यात लग्न करून आलेय, वन्सं. डोळे माहेरचे आहेत."

"इतकी वर्षं झाली, आता काय माहेरचं राहिलंय."

हेडमास्तरांना कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ते रोज येऊ लागले. झाकणवाल्याला त्यांचा तात्त्विक विरोध होता. "झाकण म्हटलं की ते निघणारच, वहिनी. मी आयुष्यभर डबा नेला. कुठल्या डब्याचं झाकण शेवटपर्यंत टिकलं?" त्यांचा कौल खरवडवाल्याला. थोडा त्रास झाल्याशिवाय कुठलीच गोष्ट पक्की होत नाही, हे त्यांचं शिक्षणशास्त्र होतं. त्यांचे विद्यार्थी अजूनही त्यांना बघून रस्ता ओलांडतात.

"तुमचं काय म्हणणं?" वहिनींनी एकदा नवऱ्याला एकटं गाठून विचारलं.

"तुला बरं वाटेल ते."

"मला काय बरं वाटतं?"

नवऱ्याने विचार केला. बराच केला. मग तो म्हणाला, "चहा घेऊ या?"

दरम्यान त्याच्या ऑफिसातून खर्चाची मंजुरी आणायची होती. तिथल्या कारकुनाचा चष्मा वहिनींच्याहून जाड होता, म्हणून वहिनींना आशा वाटली. त्याने कागद नाकाजवळ नेऊन वाचला आणि विचारलं, "चष्मा लावल्यावर दिसतं ना यांना?"

"दिसतं," नवरा म्हणाला.

"मग आजार कुठाय? दिसत नसेल तर आजार. दिसत असताना चष्मा काढायचा म्हणजे सौंदर्य. सौंदर्याला मंजुरी नाही."

वहिनींचा अभिमान दोन बाजूंनी दुखावला. पन्नाशीच्या तोंडावर त्यांच्यावर सौंदर्याचा आरोप होतोय हे एक, आणि तो आरोप करताना कारकून वर मान करूनही बघत नाही हे दुसरं. डॉक्टरीणबाईंनी हे सौंदर्य नसल्याचा दाखला दिला. मग तो दाखला वहिनींचाच आहे कशावरून, म्हणून फोटो मागितला गेला. घरात फोटो एकच होता. त्यातला वहिनींचा भाग कापून लावला. कारकुनाने छत्रीवर खिळलेल्या त्या नजरेकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच सहानुभूतीने म्हणाला, "अच्छा. खरंच दिसत नाही यांना." आणि शिक्का मारला.

भिंतीवरच्या फोटोत आता नवरा, लेक आणि मधे एक चौकोनी भोक राहिलं. त्याला रफू करता येईना.

प्रकार ठरत नव्हता, त्यात डॉक्टरीणबाईंनी पाचवी गोष्ट काढली. लेसर कुठलाही असो, वाटणी करता येईल. एक डोळा लांबचा करायचा, दुसरा थोडा जवळचा ठेवायचा, म्हणजे भाजी निवडायलाही चष्मा नको. "मेंदू आपोआप शिकतो. आधी नमुन्याच्या लेन्स घालून काही दिवस वावरून बघा." वन्संना वाटणी हा शब्दच आवडला नाही, त्यांच्या सासरी त्यावरून फार झालं होतं.

त्याच दिवशी दवाखान्यातल्या बाकाच्या खिळ्याने नवऱ्याच्या कोटाची बाही कोपराच्या जरा वर ओढली गेली. तपकिरी चौकडीचा कोट, थंडीत रोजचा. चांगलं बोट जाईल एवढं भोक पडलं. नवरा हळहळला, पण वहिनी जवळजवळ खूश झाल्या. त्या खिळ्याचे डॉक्टरीणबाईंहून जास्त आभार मानावेत असं त्यांना वाटलं. एवढ्या दिवसांत त्यांच्या ओळखीचं काहीतरी पहिल्यांदाच घडलं होतं.

वाटणीच्या लेन्स घालून वहिनी घरात वावरू लागल्या. डावा डोळा रस्त्यापलीकडच्या गॅलरीत वाळत घातलेले मोजे मोजी. उजवा हातातल्या कपाचा कान शोधी. दोघांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. जिना उतरताना शेवटची पायरी कधी दोनदा येई, कधी येतच नसे. हेडमास्तरांना त्यांनी चहा दिला तो कपाच्या शेजारी. हेडमास्तरांनी धोतर झटकलं आणि मेंदू शिकतोय, शिकताना चुका होतातच, असं मोठ्या मनाने सांगितलं. शाळेत त्यांनी हे कुणाला सांगितलं असतं तर बरीच मुलं आज त्यांना नमस्कार करत असती.

आणि मग वहिनी कोट घेऊन खिडकीपाशी बसल्या.

सवयीने हात चष्म्याकडे गेला. चष्मा नव्हताच. कापड नाकाजवळ नेलं तर चौकडी विरघळून गेली, तपकिरी धुकं झालं. कापड लांब धरलं तेव्हा ते धुकं हटलं, पण धागे नाहीत. नुसतं कापड. दुकानात कुणालाही दिसतं तसं. वहिनींनी बल्ब बदलला. मग हल्लीच्या सुयांना टोक नसतं, असं ठरवून नवी सुई घेतली. सुईत धागा ओवायला इतका वेळ लागला की सुई आणि धागा दोघंही ओशाळले. लेकीने मधेच विचारलं, "लेन्स काढून कर ना, आई."

"डॉक्टर म्हणाल्यात, सवय करा. सगळ्या कामाची सवय करायची. उद्या ऑपरेशन झाल्यावर डोळे काढून ठेवायचेत का कपाटावर?"

बोटांवर भरवसा ठेवून त्यांनी रफू पुरा केला. अंगठ्याने वरून हात फिरवला आणि अंगठा एका ठिकाणी किंचित अडला. त्यांनी तो तिथूनच पुन्हा फिरवला. मग उठल्या, कोट नवऱ्यासमोर धरला आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "शोधा आता."

नवऱ्याची नजर बाहीवर गेली आणि तिथेच थांबली. क्षणभरच. चौकडीतली एक रेघ चालता-चालता वाटेत कुणीतरी भेटल्यासारखी बाजूला वळली होती आणि मग घाईघाईने पुन्हा रांगेत आली होती. नवऱ्याने नजर तिथून उचलली आणि कॉलरवर ठेवली. मग खिशांवर. मग अस्तरात. आयुष्यात कधी केला नव्हता इतका शोध त्याने केला आणि म्हणाला, "नाही बुवा सापडत."

"नीट बघा."

"नाहीच."

लेकीला दाखवला. लेक म्हणाली, "कुठली बाही होती?" आणि भलत्या बाहीवर बोट फिरवत बसली. वन्संनी आपल्या भिंगाच्या डोळ्याने पाहिलं, तोंड उघडलं, भावाकडे पाहिलं, तोंड मिटलं, आणि "फर्स्टक्लास" म्हणाल्या. वन्सं गेल्या कित्येक वर्षांत वहिनींच्या कुठल्याही गोष्टीला फर्स्टक्लास म्हणाल्या नव्हत्या. हेडमास्तरांनी तर कोट हातातही घेतला नाही, लांबूनच पैकीच्या पैकी गुण दिले.

वहिनींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. रात्री लेन्स काढल्या की कोट एकदा नाकाशी धरून बघावा, असं त्यांच्या मनात आलं. पण कोट खुंटीवर नव्हता. दुसऱ्या दिवशी तो नवऱ्याच्या ऑफिसात राहिला. तिसऱ्या दिवशीही.

"तिथे थंडी असते," नवरा म्हणाला.

"इथे नसते?"

"तिथली वेगळी."

वहिनींनी पुढे विचारलं नाही. कोट आणा असं त्यांना एकदा म्हणता आलं असतं. आणला असता तर बघावा लागला असता. मधे एक शाल रफूला आली. वहिनींनी शालवाल्या बाईंना सांगितलं, सध्या फार काम आहे. मग रिकाम्या खिडकीत बसून डाव्या डोळ्याने समोरचे मोजे मोजले. त्यातल्या एका मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. ते त्यांना तिथून स्वच्छ दिसत होतं, आणि त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता.

नवऱ्याला मात्र एक नवीच खोड लागली. कोट अंगात असो वा नसो, डाव्या हाताने उजवं कोपर धरून चालायचं. जिन्यात, रस्त्यात, कुणाशी बोलताना. हेडमास्तरांनी सांधा धरलाय म्हणून तेल सुचवलं. वन्संनी रात्री कोपराखाली उशी घ्यायला सांगितली. नवरा हो हो म्हणायचा आणि हात काढायचा नाही.

अखेर ठरवायचा दिवस आला. दवाखान्यात पुन्हा सगळे, नवरा ऑफिसातून परस्पर, कोट घालूनच. हेडमास्तरही आले, ते आपल्याला सर्दी झालीय म्हणून. डोळ्यांच्या दवाखान्यात सर्दी दाखवणारा हा बहुधा पहिलाच माणूस. त्यांना बाहेरच बसवलं. तरी वहिनी आत जाताना त्यांनी हळूच सांगितलं, "खरवड."

डॉक्टरीणबाईंनी नमुन्याच्या लेन्स काढल्या. दिवा मंद केला. वहिनींनी पट्टीवर हनुवटी टेकवली. जगाचं पुन्हा धुकं झालं, ओळखीचं, माहेरचं.

"वाटणीची सवय झाली?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"झाली," वन्सं म्हणाल्या.

"जिना वगैरे ठीक?"

"ठीक," लेक म्हणाली. "एकदाच पडली. पण छान पडली, लागलं नाही."

"आणि जवळचं काम? बारीक काही करता का तुम्ही?"

"नाही, घरीच असते ती," लेक म्हणाली. "थोडं रफूबिफू. तेही जमलं तिला. बाबांचा कोट केला ना परवाच. अगदी..." तिचा आवाज थोडा खाली आला. "अगदी छान."

"फर्स्टक्लास," वन्सं म्हणाल्या, पण भिंतीकडे बघून.

"मग झालं तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वाटणी जमतेय. प्रकार तेवढा सांगा, म्हणजे तारीख धरते."

"फटीवालं," लेक म्हणाली.

"भिंगवालं," वन्सं म्हणाल्या.

"तुम्ही बोला," डॉक्टरीणबाई वहिनींना म्हणाल्या.

वहिनींची हनुवटी पट्टीवर होती. तोंड उघडलं की डोकं हलतं आणि डोकं हललं की यंत्र रागावतं. मांडीवर त्यांचा अंगठा पहिल्या बोटावर पुढे-मागे फिरत होता, आणि दर वेळी एका ठिकाणी अडत होता.

नवरा उठला. त्याची खुर्ची करकरली. सगळ्यांना वाटलं, तो पाणी प्यायला चाललाय. तो दोन पावलं पुढे आला, उजव्या कोपरावरचा डावा हात त्याने खाली घेतला, वहिनी आणि यंत्राच्या मधे आपली बाही सरकवली आणि त्यांच्या नाकाला टेकेल इतकी जवळ धरली.

धुक्यातून तपकिरी चौकडी वर आली. एक-एक धागा मोकळा झाला. उभे धागे, आडवे धागे, त्यांच्यामधले रस्ते. आणि त्यात तो वाट सोडून वळलेला.

"सापडला गं," नवरा म्हणाला. "पहिल्याच दिवशी सापडला होता."